रांगेत थांबायला कंटाळलेला माणूस

२७ जून २०१७. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अचानक ठप्प झालं. वादळ नव्हतं, संप नव्हता, अपघातही नव्हता. ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला होता आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला होता. न्हावा शेव्याचं हे टर्मिनल मर्स्क समूहाकडेच चालवायला होतं. क्रेन धडधाकट होत्या, माणसं ड्युटीवर होती, पण कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे आणि तो कुठल्या ट्रकवर चढवायचा, हेच कुणाला सांगता येईना. त्याच दिवशी जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये एलिझाबेथ बंदराच्या गेटबाहेर ट्रकांची लांबच लांब रांग लागली होती. कारण तेच, कंपनीही तीच.

रांग लागली ती एलिझाबेथलाच, हा योगायोग भारी आहे. खास कंटेनरसाठी म्हणून दलदलीतून उभं केलेलं हे जगातलं पहिलं बंदर. ते ज्याच्यासाठी बांधलं, त्या माल्कम मॅक्लेनच्या आयुष्याची गोष्टच मुळी न्यू जर्सीमधल्या एका गोदीबाहेरच्या ट्रकच्या रांगेतून सुरू होते. निदान तो स्वतः तरी तसं सांगायचा.

उरण फाट्यावरून किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरून जाताना चाळीस फुटी लोखंडी डबे वाहणारे ट्रेलर आपण रोज बघतो. त्यात कुणा एका माणसाचं डोकं आहे, असं सहसा मनात येत नाही. तसं पाहिलं तर डबा ही काही नवी कल्पना नव्हतीच. मॅक्लेनच्या आधीही रेल्वे आणि जहाज कंपन्यांनी लहानमोठे डबे वापरून पाहिले होते. त्यानं केलं ते वेगळंच. त्यानं बंदर, जहाज, क्रेन, ट्रक आणि डबा यांची एक साखळी केली. कडी तुटली तर दुसरी जोडता येईल अशी ती साखळी होती. पुढे हा नियम तो स्वतःच विसरला आणि त्याची फार मोठी किंमत त्याला मोजावी लागली. तिकडे येऊच.

मॅक्लेनचा जन्म १९१३ चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या मॅक्स्टन या छोट्या गावातला. घर शेतकऱ्याचं. १९३१ मध्ये शाळा संपली तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. कॉलेजला जाण्याइतके पैसे नव्हते. तो पेट्रोल पंपावर कामाला लागला. पंपाला लागणारं ऑइल २८ मैलांवरच्या फेएटव्हिलहून यायचं आणि ते आणून देणाऱ्या ट्रकवाल्याला फेरीचे पाच डॉलर मिळायचे. मॅक्लेननं विचार केला, हे पाच डॉलर आपणच का कमवू नयेत? १९३४ मध्ये १२० डॉलरला एक जुना ट्रक घेऊन बहीण क्लारा आणि भाऊ जिम यांच्यासोबत त्यानं कंपनी काढली. ट्रक तो स्वतः चालवायचा.

१९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन तो न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या गोदीवर गेला. पुढे ट्रकांची रांग. एकेका ट्रकमधून एकेक गाठ हमाल उतरवणार, दोरखंडात बांधणार, ती जहाजावर चढणार, आत दुसरी माणसं ती रचणार. त्याला दिवसभर थांबावं लागलं. तेव्हा त्याच्या मनात आलं, की ट्रकचा अख्खा मागचा भागच उचलून जहाजावर का ठेवत नाहीत? ही गोष्ट त्यानं खूप वर्षांनी सांगितली. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, कारण पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यानं या बाबतीत काहीच केल्याचं दिसत नाही. मलाही ती जरा सोयीची वाटते. यशस्वी माणसाला आपल्या यशाची सुरुवात एखाद्या चित्रासारखी आठवते. पण रांग मात्र खरी होती आणि ती का लागायची, हे समजून घेण्यासारखं आहे.

१९५४ साली ‘वॉरियर’ नावाचं एक साधं मालवाहू जहाज ब्रुकलीनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला गेलं. त्या एका फेरीचा तपशीलवार अभ्यास झालेला आहे. जहाजावर पाच हजार टनांच्या आसपास माल होता, पण नग किती? सुमारे १ लाख ९४ हजार! पोती, पिंपं, खोकी, गाठी, गाड्यांची चाकं, घरसामान. हे सगळं अमेरिकेतल्या १५१ शहरांतून आलेलं. ते चढवायला सहा दिवस लागले आणि त्यातला एक दिवस संपात गेला. समुद्रप्रवास साडेदहा दिवसांचा. उतरवायला पुन्हा चार दिवस. एवढे नग एका गोदीत अडकले तर उचलून शेजारच्या बंदरात नेणं जवळपास अशक्य, कारण नेणार म्हणजे पुन्हा १ लाख ९४ हजार वेळा हात लावणार. म्हणून बंदर बंद पडलं की मालही तिथेच बसून राहायचा.

पन्नाशीच्या दशकात मॅक्लेनची कंपनी अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक कंपन्यांपैकी एक झाली होती. सतराशेहून जास्त ट्रक आणि ३७ टर्मिनल. पूर्व किनाऱ्यावरच्या हायवेंवर तेव्हा वाहतूक कोंडी वाढत होती. १९५३ मध्ये त्याच्या डोक्यात आलं, की ट्रेलर जहाजावर चढवून समुद्रातूनच न्यावेत. मग लक्षात आलं, की चाकांसकट ट्रेलर नेणं म्हणजे जहाजातली अर्धी जागा हवेला देणं. चाकं काढली आणि उरला तो फक्त डबा. तो एकावर एक रचता येत होता.

अडचण कायद्याची होती. ट्रक कंपनीच्या मालकाला जहाज कंपनी चालवू द्यायला सरकारी आयोग तयार नव्हता. मॅक्लेननं काय करावं? वीस वर्षं रक्त आटवून उभी केलेली ट्रक कंपनीच त्यानं सोडली. बँकेकडून प्रचंड कर्ज काढलं आणि १९५५ मध्ये पॅन-अटलांटिक नावाची जहाज कंपनी आणि पाठोपाठ तिची मूळ मालक कंपनीही विकत घेतली. तेव्हा तो एकेचाळीस-बेचाळीस वर्षांचा होता. या वयात आपल्याकडे माणसं ‘आता सेटल झालो’ म्हणतात.

२६ एप्रिल १९५६. न्यूअर्कच्या धक्क्यावर ‘आयडियल-एक्स’ नावाचा जुना तेलवाहू टँकर उभा होता. त्याच्या डेकवर ५८ डबे चढले, साधारण सात मिनिटांना एक. आठ तासांच्या आत जहाज भरून ह्यूस्टनकडे निघालं. मॅक्लेन विमानानं पुढे ह्यूस्टनला जाऊन धक्क्यावर वाट बघत थांबला. हिशेब झाला तेव्हा सगळे चक्रावले. सुटा माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८३ सेंट लागायचे. या पद्धतीनं १६ सेंटसुद्धा लागले नव्हते.

डबा आणि त्याच्या कोपऱ्यातली कुलपं किथ टँटलिंगर या इंजिनिअरनं घडवली. एक डबा दुसऱ्यावर बसवायचा, दांडा फिरवायचा, खटकन लॉक. १९५७ मध्ये ‘गेटवे सिटी’ हे पोटात डब्यांसाठी खाने असलेलं जहाज निघालं, क्षमता २२६. सगळं छान चाललं होतं. आणि मग आलं पोर्टो रिको.

१९५८ च्या सुरुवातीला मॅक्लेनची जहाजं सॅन हुआनला पोचली आणि तिथल्या गोदी कामगारांनी डब्यांना हात लावायला नकार दिला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या कामावर शेकडो घरं चालतात, ते काम एका क्रेननं आणि मूठभर माणसांनी व्हायला लागलं तर उद्या आम्ही काय करायचं? चार महिने वाटाघाटी चालल्या. शेवटी प्रत्येक जहाजावर २४ माणसांच्या दोन टोळ्या लावायच्या, या अटीवर काम सुरू झालं. त्या वर्षी कंपनीला ४२ लाख डॉलरचा तोटा झाला. नवंकोरं तंत्रज्ञान हाताशी असूनही एका बंदरानं त्याला गुडघ्यावर आणलं होतं, कारण त्या डब्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. जगात तसे डबे उतरवू शकणारी बंदरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती.

यावर उपाय एकच होता. आपला डबा फक्त आपला राहता कामा नये. त्या वेळी प्रत्येक कंपनीचं माप वेगळं होतं. मॅक्लेनचे डबे ३५ फुटी, पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅटसन कंपनीचे २४ फुटी. प्रत्येक मोबाइलला वेगळा चार्जर लागायचा ते दिवस आठवा. इथे तर तो चार्जर म्हणजे अख्खं बंदर. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेत मापांवरून वर्षानुवर्षं वाद चालले. १९६० मध्येच कंपनीचं नाव ‘सी-लँड’ झालं होतं. १९६३ मध्ये सी-लँडनं डब्याच्या कोपऱ्यांच्या आणि कुलपांच्या रचनेवरचं पेटंट रॉयल्टी न घेता सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे वीस आणि चाळीस फूट ही मापं जगभर रुजली, म्हणजे मॅक्लेनच्या स्वतःच्या ३५ फुटांना त्यात जागा राहिली नाही. मला विचाराल तर ‘आयडियल-एक्स’च्या पहिल्या फेरीपेक्षा हा निर्णय मोठा होता. एकदा कोपरे सारखे झाले, की कुठल्याही कंपनीचा डबा कुठल्याही देशातली क्रेन उचलू शकते. मग एका बंदरात वादळ आलं तर जहाज पुढच्या बंदरात जातं, तिथून रेल्वे किंवा ट्रक. बंदर अडलं तरी माल अडत नाही. जहाजांच्या जाळ्याची तग धरायची ताकद म्हणतात ती हीच, आणि ती लोखंडात नसून सारख्या मापात आहे.

या ताकदीची सगळ्यात मोठी परीक्षा एका नकोशा जागी झाली. १९६५ मध्ये अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये सैन्य ओतायला सुरुवात केली. सैनिकांना लागणारं सगळं, म्हणजे दारूगोळ्यापासून टिनबंद जेवणापर्यंत, समुद्रातून येणार. आणि उतरवायला जवळजवळ एकच धड बंदर, सायगॉन. तिथे गोंधळ माजला. जहाजं आठवडेच्या आठवडे बाहेर नांगर टाकून उभी. उतरवलेला माल धक्क्यावर कुजत होता, चोरीला जात होता. काही जहाजांचा तर तरंगतं गोदाम म्हणूनच वापर व्हायला लागला. नवं बंदर बांधायला वेळ नव्हता.

मॅक्लेन स्वतः तिथे गेला, धक्के पाहिले आणि परत येऊन लष्करी अधिकाऱ्यांच्या मागे लागला. लष्कर सुरुवातीला तयार नव्हतं. १९६७ मध्ये कंत्राट झालं. त्याची योजना सायगॉनची कोंडी फोडायची नव्हती. त्याला सायगॉनला वळसाच घालायचा होता. ऑगस्ट १९६७ मध्ये ‘बिएनव्हिल’ जहाज २२६ डबे घेऊन थेट दा नांगला लागलं. नोव्हेंबरमध्ये ‘ओकलंड’ हे ६०९ डब्यांचं जहाज काम रान बे इथे पोचलं. तिथे तरंगता धक्का बसवून त्यावर क्रेन उभ्या केल्या होत्या. ट्रकही त्याचेच, डब्यांसाठीच्या गाड्याही त्याच्याच. डबा कुलूपबंद असल्यानं चोरीही घटली. एका बंदरावरचा ताण तीन ठिकाणी वाटला गेला आणि कोंडी सैल झाली.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. ज्या कामामुळे कंटेनरवर जगाचा विश्वास बसला, ते काम एका भीषण युद्धाला रसद पुरवण्याचं होतं आणि त्यात मॅक्लेननं भरपूर पैसा कमावला. त्याचं चरित्र सांगताना हा भाग ‘लॉजिस्टिक्सचा चमत्कार’ म्हणून चकचकीत करून मांडला जातो. मला तसं करावंसं वाटत नाही. पण हेही खरं, की इथेच त्याच्यातला व्यापारी सगळ्यात जास्त लखलखला. लष्कर जाण्यायेण्याच्या दोन्ही बाजूंचं भाडं देत होतं आणि जहाजं येताना रिकामी. रिकामं जहाज त्याला बघवायचं नाही. १९६८ मध्ये त्यानं परतीच्या वाटेवर जपानला थांबा दिला. योकोहामात जपानी माल भरायचा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवायचा. जपानची इलेक्ट्रॉनिक्सची लाट अमेरिकेत नेमकी तेव्हाच येत होती.

१९६९ मध्ये त्यानं सी-लँड आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीला विकली. त्याच्या वाट्याला सुमारे १६ कोटी डॉलर आले. तो संचालक मंडळावर राहिला, पण मोठ्या कंपनीच्या मीटिंगांमध्ये त्याचा जीव रमत नव्हता. मध्ये त्यानं नॉर्थ कॅरोलिनात प्रचंड जमीन घेऊन शेती आणि वराहपालन केलं, दलदलीतल्या मातीपासून इंधन बनवायचाही प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. सी-लँडनं याच काळात आठ अतिवेगवान जहाजं बांधली, ताशी ३३ नॉट पळणारी. ती पाण्यात उतरतात न उतरतात तोच १९७३ चं तेलसंकट आलं. एवढं इंधन पिणारी जहाजं परवडेनात, शेवटी ती अमेरिकन नौदलाकडे गेली.

गोदीतल्या माणसांचं काय झालं, हेही सांगायला हवं. जुलै १९७१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी संप पुकारला आणि तो १३४ दिवस चालला. डब्यात माल कोण भरणार, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. पूर्वी असा संप म्हणजे देशाचा श्वास कोंडायचा. आता काही माल कॅनडा आणि मेक्सिकोच्या बंदरांतून फिरून आला. जाळं मजबूत होत गेलं, तसतसं गोदी कामगाराच्या हातातलं अडवण्याचं हत्यार बोथट होत गेलं. मॅनहॅटन आणि ब्रुकलीनचे जुने धक्के ओस पडले, काम न्यूअर्क-एलिझाबेथला गेलं. आपल्याकडेही १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झाल्यावर कंटेनर हळूहळू मुंबईच्या जुन्या गोद्यांमधून खाडीपलीकडे गेलेच.

आता मॅक्लेनच्या चुकीकडे येऊ. १९७८ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, त्यानं युनायटेड स्टेट्स लाइन्स ही जुनी नामांकित कंपनी घेतली. तेल महाग होतं आणि महागच राहणार, असं सगळे म्हणत होते. त्याचं उत्तर: हळू चालणारी, पण अवाढव्य जहाजं. कोरियातल्या देवू कंपनीकडे त्यानं बारा ‘इकॉनशिप’ मागवली, एकूण ५७ कोटी डॉलरची ऑर्डर. वीस फुटी मापानं मोजलं तर प्रत्येकात सुमारे ४४०० डबे, पनामा कालव्यातून जेमतेम जाईल एवढी रुंदी. ही जहाजं पृथ्वीप्रदक्षिणा घालणार होती, तीही एकाच दिशेनं. न्यूयॉर्कहून युरोप, भूमध्य समुद्र, सुएझ, आशिया, पॅसिफिक, पनामा आणि पुन्हा न्यूयॉर्क. हिशेब असा, की एका टप्प्यावर जहाज रिकामं असलं तरी पुढच्या टप्प्यावर भरेल.

कागदावर हे सुंदर दिसतं. पण वर्तुळात धावणाऱ्या बसचा विचार करा, जी फक्त एकाच दिशेनं जाते. मागचा स्टॉप हवा असेल तर अख्खा फेरा मारावा लागणार. पूर्व अमेरिकेतून जपानला माल न्यायचा तर तो युरोप आणि सुएझमार्गे जाणार. ग्राहक इतका वेळ कशाला थांबेल? त्याहून वाईट म्हणजे एका ठिकाणी दोन दिवस उशीर झाला, की पुढच्या सगळ्या बंदरांचं वेळापत्रक कोलमडायचं. जहाज हळू, त्यामुळे वेग वाढवून उशीर भरून काढायची सोय नाही. जहाज मोठं, त्यामुळे ते एक चुकलं तर हजारो डबे चुकले. तैवानच्या एव्हरग्रीननंही त्याच सुमारास पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली, पण दोन्ही दिशांनी आणि जास्त वेगानं. ती टिकली.

ज्या माणसानं पेटंट सोडून देऊन प्रत्येक डब्याला शंभर वाटा मोकळ्या केल्या, त्यानं आपल्या स्वतःच्या जहाजांना एकच वाट ठेवली होती. आणि तीही तेलाच्या भावावर पैज लावून. १९८६ मध्ये तेल पंधरा डॉलरच्याही खाली घसरलं. इंधन वाचवण्याचा फायदा संपला, हळू असण्याचा तोटा तेवढा उरला. २४ नोव्हेंबर १९८६ ला कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज होतं १२६ कोटी डॉलर, अमेरिकेतल्या तोपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या दिवाळखोरींपैकी एक. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. बंदरांची, पुरवठादारांची देणी राहिली. बारा जहाजं बेकार उभी राहिली आणि १९८८ मध्ये ती पडत्या किमतीत कुणी घेतली? सी-लँडनं! त्यांनी तीच जहाजं साध्या येण्याजाण्याच्या मार्गांवर लावली. म्हणजे जहाजांत खोट नव्हती. मॅक्लेन मात्र यानंतर लोकांसमोर येणं टाळायला लागला. आपल्यामुळे इतक्यांची कामं गेली, याची त्याला शरम वाटायची.

तरी तो घरी बसला नाही. १९९१ मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी, त्यानं ‘ट्रेलर ब्रिज’ ही छोटी कंपनी काढली. मार्ग कुठला? फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून सॅन हुआन, पोर्टो रिको. ज्या बंदरानं तेहतीस वर्षांपूर्वी त्याला चार महिने ताटकळत ठेवलं होतं, तिथेच.

१७ जानेवारी १९९५ ला जपानमधलं कोबे भूकंपानं हादरलं. कोबे तेव्हा जगातलं सहावं मोठं कंटेनर बंदर होतं. जवळपास सगळे कंटेनर धक्के खचले. मॅक्लेननं घडवलेल्या जगाची ही खरी चाचणी होती आणि जग त्यात पास झालं. जहाजं ओसाका, योकोहामा आणि कोरियातल्या बुसानला वळली. कारखान्यांना थोडी झळ बसली, व्यापार चालू राहिला. कोबेनं जीव तोडून दोनेक वर्षांत बंदर पुन्हा उभं केलं. पण तोवर जहाज कंपन्यांना बुसानची सवय झाली होती. आशियातला जो माल कोबेत एका जहाजातून दुसऱ्यात बदलायचा, तो बहुतांश परत आलाच नाही. जाळं तगलं, गाव मागे पडलं. बदली बंदर सहज मिळतं याचा अर्थ तुमचीही बदली सहज होते, हे कोबेच्या गोदी कामगारांना कळलं तसंच १९५८ च्या सॅन हुआनमध्ये आधीच कळलं होतं.

१९९९ मध्ये सी-लँडचा आंतरराष्ट्रीय व्यवसाय मर्स्कनं घेतला. २५ मे २००१ ला मॅक्लेन न्यूयॉर्कमध्ये गेला, वय ८७. अंत्यविधीच्या सकाळी जगभरात ठिकठिकाणी कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवले.

त्याच मर्स्कवर सोळा वर्षांनी व्हायरसचा तो हल्ला झाला. कंपनीची ७६ टर्मिनल होती, त्यातली १७ बाधित झाली. न्हावा शेव्याला बाकीची टर्मिनल चालू होती, म्हणून बंदर पूर्ण बंद पडलं नाही. पण मर्स्कच्या कॉम्प्युटरांची एक गोची झाली होती. सगळ्या नेटवर्कची किल्ली असलेले सर्व्हर जगभर ठेवले होते आणि ते एकमेकांची हुबेहूब नक्कल करत राहायचे. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील हा विचार कुणी केला नव्हता, आणि सगळे एकाच वेळी गेले. शोधाशोध केल्यावर फक्त एक वाचलेला सापडला, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या ऑफिसात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला राहिला.

इंटरनेट इतकं हळू, की डेटा ब्रिटनमधल्या मुख्य केंद्रात पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला. तिथल्या विमानतळावर त्यानं ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनच्या विमानात बसला.